उत्तर जरा उशिरा द्या

पूर्वप्राथमिक शाळांच्या प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्याच्या टोकाशी खाण्याचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर, की फेस उसळून खाली ओघळलाच. पालक फोन सरसावतात, मुलं टाळ्या वाजवतात, शेजारच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘ज्वालामुखी’ लिहिलेलं असतं. प्रयोग स्वस्त आहे, निर्धोक आहे, दिसायला झकास आहे. पण चार वर्षांच्या मुलाला त्यात करण्यासारखं काय उरतं? ओतायचं ताईंनी, बघायचं मुलांनी. काय होईल याचा अंदाज कुणी विचारत नाही, आणि सोडा कमी घातला तर काय होतं हे कुणी करू देत नाही. शिवाय खऱ्या ज्वालामुखीचा सोड्याशी काही संबंध नाही, म्हणजे शिकवल्यासारखं जे वाटतं तेही चुकीचंच. जादूगाराच्या खेळातही मूल इतकंच थक्क होतं, आणि घरी जाताना इतक्याच रिकाम्या हाताने जातं.

बालवाडीत विज्ञान असावं की नाही, याबद्दल आता फारसा वाद नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरला आणि 2022 मध्ये त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम आराखडाही आला. खेळ आणि अनुभव यांना त्यात मध्यवर्ती जागा आहे. वाद आहे तो हे विज्ञान कसलं असावं याचा. या वयातल्या विज्ञानाचा जीव निष्कर्षात नसून क्रमात असतो. आधी वस्तू हातात, मग अंदाज, मग करून पाहणं, मग बोलणं, आणि नाव किंवा कारण हवंच असेल तर सगळ्यात शेवटी. आपण मोठी माणसं हा क्रम बरोबर उलटा करतो. कारण आधी सांगतो आणि मग ते खरं असल्याचं दाखवून देतो. त्यातून मुलाला माहिती मिळते, पण शोधण्याची गरज संपते.

याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेत एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी नळ्यांचं एक विचित्र खेळणं तयार केलं होतं. एक नळी ओढली की आवाज यायचा, दुसरीकडे दिवा लागायचा, एका ठिकाणी सूर वाजायचे आणि एका नळीच्या आत आरसा लपवलेला होता. काही मुलांना हे खेळणं शिकवण्याच्या सुरात दाखवलं : बघा हं, हे असं चालतं, आणि आवाज काढून दाखवला. दुसऱ्या काही मुलांसमोर तोच आवाज चुकून हात लागल्यासारखा काढला, तर काहींना नुसतं खेळणं दिलं. नंतर सगळ्यांना मोकळं सोडलं. ज्यांना शिकवलं होतं ती मुलं आवाजाशीच खेळत राहिली, लवकर कंटाळली, आणि बाकीच्या गमती त्यांना इतर मुलांपेक्षा कमी सापडल्या. यात मुलांचा मूर्खपणा काहीच नाही. उलट त्यांनी चोख तर्क केला : माहीतगार माणसाने एवढंच दाखवलं, म्हणजे एवढंच असणार. याच दोघींनी 2007 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. एका पेटीला दोन दांडे होते आणि दोन्ही एकदम दाबले की बाहुली वर यायची. कोणत्या दांड्यामुळे काय होतं हे गुलदस्त्यातच राहिल्यावर, नवी कोरी पेटी समोर असूनही मुलं जुन्याच पेटीकडे वळली. चार वर्षांच्या मुलालाही न उलगडलेली गोष्ट खुणावते, फक्त ती आपण उलगडून टाकायची घाई करू नये.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका टबाच्या काठावर बसून पाहू. पसरट टब, अर्धा पाण्याने भरलेला. शेजारी सुपात ठेवलेल्या वस्तू : एक दगड, एक सागरगोटा, मोठा चिंचोका, वाळलेली काडी, स्टीलची वाटी, संत्रं. पाच मुलं, जास्त नाहीत. ताईंचं काम फक्त एक प्रश्न विचारण्याचं, ‘हे तरंगेल की बुडेल?’ आणि उत्तर देणाऱ्याला ‘तुला असं का वाटतं?’ हे विचारण्याचं. जवळजवळ सगळी मुलं एक नियम घेऊन आलेली असतात : जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. दगड त्या नियमाने वागतो, काडीही वागते. मग कुणीतरी चिंचोका टाकतं. एवढासा चिंचोका तळाला जातो. सागरगोटा त्याच्यापेक्षा मोठा आणि दगडासारखा टणक, त्याने बुडायला हवं, पण बहुतेक सागरगोटे वर राहतात. त्यांच्या आत पोकळी असते. किनाऱ्यावरच्या झुडपांचे सागरगोटे समुद्रावरून दूरदूर वाहत जातात ते याच कारणाने. स्टीलची वाटी अलगद ठेवली की होडीसारखी डुलते, आडवी केली की गुडुप. वाटी तीच, वजन तेच, मग झालं काय? संत्र्याची गंमत तर याहून भारी. सालीसकट ते तरंगतं, सोललं की साधारणपणे बुडतं. म्हणजे वजन कमी केलं आणि ते बुडालं! या टप्प्यावर मुलं गप्प होतात, मग एकदम बोलायला लागतात. कुणी म्हणतं सालीला हात असतात, कुणी म्हणतं सालीत हवा आहे, कुणी पुन्हा साल गुंडाळून बघतं. दुसरं मूल बरोबर वाटेवर आहे, आणि खरं तर तिसरंही. सालीचा पांढरा भाग स्पंजासारखा आहे, त्यात हवा अडकलेली असते. पण हे वाक्य ताईंनी लगेच उच्चारलं तर पुढचा अर्धा तास वाया गेला. त्यापेक्षा सालीचा तुकडा पाण्याखाली धरून दाबायला सांगावं. बारीक बुडबुडे दिसतात का, ते मुलांनीच पाहावं.

घनता या शब्दाला या सगळ्यात जागा नाही आणि नसावी. मुलाला मिळालं ते हे : माझा नियम होता, तो चुकला, मी दुसरा केला. विज्ञानाची पद्धत म्हणून आपण पुढे दहावीच्या पुस्तकात जे शिकवतो ते एवढंच आहे, आणि त्या वयात ते पाठ करण्यापेक्षा या वयात ते अंगवळणी पडणं बरं.

सजीवांच्या बाबतीत हा क्रम पाळायला आणखी सबुरी लागते, कारण तिथे उत्तर यायला दिवस लागतात. कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड बहुतेक शाळांच्या आवारात नाही तर कुणाच्या तरी गॅलरीत असतंच. त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाच्या फुलपाखराची अंडी सापडतात, फिकट पिवळी, टाचणीच्या डोक्याएवढी. त्यातून निघणारी अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरी. पक्ष्याने खाऊ नये म्हणून घेतलेलं सोंगच ते. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने किंचित डिवचलं तर डोक्यामागून केशरी रंगाचं दुफाटी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे पाहिलेलं मूल ते विसरत नाही. मलमलीने तोंड बांधलेल्या बरणीत रोज ताजी पानं घालणं, लेंड्या काढणं, अळी किती वाढली ते दोऱ्याने मापणं ही मुलांची कामं. मग एके दिवशी अळी खाणं थांबवते, काडीला स्वतःभोवती रेशमाचा बारीक पट्टा बांधते आणि कोष होतो. आठवडा-दीड आठवड्याने फुलपाखरू निघतं. कधीकधी निघतच नाही, त्याऐवजी कोषाला भोक पडून बारीकशा गांधीलमाश्या बाहेर येतात, कारण त्यांच्या आईने आधीच आत अंडी घातलेली असतात. अशा वेळी बरणी लपवून ठेवायची इच्छा होईल. तसं करू नये. निसर्गाची गोड बाजू तेवढी दाखवायची हे धोरण मुलांना फसवणारं आहे, आणि मुलं या गोष्टी आपल्यापेक्षा शांतपणे घेतात. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या राणी पाकोळीची अळीही याच जातकुळीतल्या झाडांवर वाढते, ही गोष्ट बालवाडीच्या भिंतीवर तिचं चित्र लावताना लक्षात असली तर त्या चित्राला अर्थ येईल.

सजीव वाढवल्याने मुलाच्या विचारात नेमकं काय बदलतं, यावर जपानच्या कायोको इनागाकी यांनी 1990 मध्ये केलेलं काम पाहण्यासारखं आहे. घरी सोनमासा पाळलेल्या बालवाडीतल्या मुलांची त्यांनी न पाळलेल्या मुलांशी तुलना केली. पाळणाऱ्यांना माशाबद्दल जास्त माहिती होती यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्यांना बेडकाबद्दल विचारलं, जो त्यांनी कधी पाळला नव्हता, तेव्हा ती मुलं माशावरून अंदाज बांधत होती : माझा मासा लहानाचा मोठा झाला, म्हणजे बेडकाचं पिल्लूही छोटं राहणार नाही. एका जिवाची रोजची काळजी घेतली आणि दुसऱ्या जिवाबद्दल विचार करायला एक आधार मिळाला. प्राण्यांच्या चित्रांचा तक्ता वर्षभर भिंतीवर असला तरी असा आधार देईल असं मानायला काही कारण नाही.

हे सगळं नवं नाही. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी जर्मनीत ब्लांकेनबुर्गला 1837 मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘मुलांची बाग’ असं नाव दिलं. ती बाग केवळ नावापुरती नव्हती. मुलांचे स्वतःचे छोटे वाफे होते आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईक वाफाही होता. पुढे जगभर नाव तेवढं पसरलं, वाफे मागे पडले. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि नंतर डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे केलं, ते या लेखाच्या विषयाला सगळ्यात जवळचं आहे. मॉंटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे, बांबूचे तुकडे हीच साधनं झाली. बालवाडी मुलांच्या अंगणात नेण्याची कल्पना तिथे आकाराला आली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ‘अंगणवाडी’ देशभर गेली. पण त्या अंगणातल्या बिया-शिंपल्यांची जागा बहुतेक ठिकाणी छापील तक्त्यांनी घेतली. खर्चाचं कारण इथे चालत नाही, कारण तक्ता विकत आणावा लागतो आणि चिंचोका लागत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप विद्वानांकडून येतो. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी दाखवलं होतं की सहा-सात वर्षांच्या आधी मुलाला साधं प्रमाणही टिकवून धरता येत नाही : पाणी बुटक्या पेल्यातून उंच पेल्यात ओतलं की मूल म्हणतं पाणी वाढलं. अशा मुलाशी कसलं विज्ञान करणार? पियाजेंचं निरीक्षण खरं आहे, कुणीही घरी करून पाहावं. पण त्याचा अर्थ तेवढा सरळ नाही. 1970 च्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी स्कॉटलंडमध्ये गोट्यांसारख्या वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. मोठ्या माणसाने एक ओळ पसरवून पुन्हा प्रश्न विचारला की बरीच मुलं चुकायची. तीच ओळ एका खट्याळ अस्वल-बाहुलीने येऊन विस्कटली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं की संख्या तेवढीच आहे. म्हणजे मूल निम्मं लक्ष वस्तूकडे आणि निम्मं विचारणाऱ्याकडे देत असतं : हे आता पुन्हा का विचारतायत, काहीतरी बदललं असणार. जे मूल मोठ्यांच्या मनातलं उत्तर ओळखायला इतकं तत्पर असतं, त्याच्यासमोर तर मोठ्यांनी उत्तर आणखी सांभाळून धरायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सांगितलं नाही तर मुलांच्या डोक्यात चुकीच्या कल्पना घट्ट बसतील, त्याचं काय? बसतील, काही काळ. पण सांगितल्याने त्या जातात हा समज मात्र तपासून पाहावा. स्टेला वोस्निआदू आणि विल्यम ब्रूअर यांनी 1992 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना पृथ्वीबद्दल विचारलं. पृथ्वी गोल आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पण पायाखाली तर सपाट दिसतं, मग मुलांनी दोन्हींचा मेळ घातला : कुणाची पृथ्वी थाळीसारखी गोल, कुणाची पोकळ चेंडूसारखी आणि माणसं आतल्या सपाट जमिनीवर, कुणाच्या मते पृथ्वी दोन आहेत, एक आपली आणि एक आकाशातली. हैदराबादच्या मुलांबरोबर असाच अभ्यास झाला आणि तिथेही मुलांनी आपापली पृथ्वी रचलेली आढळली. या निष्कर्षांवर पुढे वाद झाला, प्रश्नांमुळेच मुलं गोंधळली असं काही संशोधकांचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य असावं. तरी एवढं उरतंच की बरोबर वाक्य तोंडी येणं आणि ते उमगणं यांत मोठं अंतर आहे. पाच वर्षांच्या मुलाने सावलीबद्दल चुकीचा अंदाज करणं हा त्या वयाचा हक्क आहे. सकाळी शाळेत आल्यावर खडूने पावलं आखून त्यात उभं राहायचं, मित्राने सावली आखायची, सुटायच्या वेळी त्याच पावलांत पुन्हा उभं राहायचं. सावली आखूड झालेली असते आणि सरकलेलीही. पावलं तर तीच आहेत, मग हललं कोण, हा प्रश्न मूल घरी घेऊन जातं. (मुंबई-पुण्याच्या परिसरात मेच्या मध्यावर एका दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते; तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि जुलैअखेरीस दुसऱ्यांदा तसं होतं तेव्हा आभाळ भरलेलं असतं. नशीब म्हणायचं, दुसरं काय.)

मात्र उत्तर उशिरा द्यायचं म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडायचं असं नव्हे. ही गल्लत काही ‘मुक्त’ म्हणवणाऱ्या शाळांत होते. वस्तूंचा ढीग टाकून मोठी माणसं बाजूला झाली की मुलं पाणी उडवतात, आणि तेही छान असतं, पण त्यातून नियम चुकत नाही आणि सुधारतही नाही. चिंचोक्यानंतर सागरगोटा यावा, वाटीनंतर संत्रं यावं, ही मांडणी मोठ्यांनीच करायची असते. कोणतं मूल कुठे अडकलंय हे पाहून पुढचा प्रश्न बदलायचा असतो. तयार वाक्य म्हणण्यापेक्षा हे काम अवघड आहे.

पालकांची तक्रार वेगळीच असते : मूल लिहायला कधी लागणार? शेजारच्या शाळेत शंभरपर्यंत अंक झाले. या तक्रारीला हसू नये, तिच्यामागे फी आणि स्पर्धा दोन्ही असतात. पण अळी दोऱ्याने मापताना मूल लांबी शिकतं, मूग किती रुजले आणि किती नाही हे मोजताना बेरीज-वजाबाकी येते. रुजलेल्या मुगाच्या दोन डाळी जमिनीवर उचलून येतात आणि हरभऱ्याच्या खालीच राहतात, हे शेजारी-शेजारी पेरून पाहिलं की तुलना येते. पावसाळ्यात मृगाच्या किड्याचे पाय मोजले तर आठ भरतात, मुंगीचे सहा. खरखरीत, बुळबुळीत, भुसभुशीत, ओशट हे शब्द त्या-त्या गोष्टीला हात लावूनच पक्के होतात. लेखनाला लागणारा शब्दसाठा असाच जमतो, फक्त तो वहीत दिसत नाही म्हणून पालकांना तो झालाय असं वाटत नाही.

घाण आणि धोका यांबद्दल मात्र कडक राहावं. टबातलं पाणी रोज ओतून टाकायचं, कारण डेंग्यूच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणीच लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. गुंजा कितीही देखण्या असल्या तरी वर्गात नकोत, एरंडाच्या बिया आणि धोतऱ्याची बोंडंही नकोत. ही विषारी आहेत. तीन वर्षांच्या मुलांच्या हाती हरभऱ्यासारखे दाणे देऊन त्यांना एकटं सोडू नये, नाकात गेलेला दाणा फुगतो. चिंचोकाही ताईंच्या डोळ्यांसमोरच वापरावा. त्या वयाला आंब्याची कोय, नारळ, मोठे शंख असलं काही द्यावं. मातीत खेळल्यावर साबणाने हात धुणं हाही उपक्रमाचाच भाग.

शहरात निसर्ग कुठे आहे, असंही विचारलं जातं. कुंडीखालची गोगलगाय, भिंतीच्या फटीतला पिंपळ, खिडकीतला कबुतर-संसार आणि मंडईतली दहा प्रकारची पानं एवढं बालवाडीला भरपूर आहे. जंगल सहलीची गरज या वयात मुलांपेक्षा छायाचित्रांना जास्त असते.

सगळ्यात खरा अडथळा सेविकेचा आहे. अंगणवाडी सेविकेला आहार, वजनं, लसीकरण, गृहभेटी, नोंदवह्या आणि आता फोनवरच्या नोंदी एवढं सांभाळून वर्ग घ्यायचा असतो. तिच्यावर नवनव्या उपक्रमांची पुस्तिका लादणं अन्यायाचं आहे. म्हणून उपक्रम थोडेच असावेत आणि लांबत जाणारे असावेत. रोज नवा प्रयोग लागत नाही. टब आठवडाभर तोच राहिला आणि वस्तू तेवढ्या बदलत गेल्या तरी पुष्कळ झालं. तयारी थोड्या मिनिटांची, आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तू मुलंच घरून घेऊन येतात.